आरोग्य आणीबाणीत सांकेतिक भाषेचे दुभाषे : सौजन्य नव्हे, अत्यावश्यक सेवा



मार्च २०२० मध्ये देशात कोणालाही भ्रमणध्वनी लावला, की पलीकडची घंटी वाजण्यापूर्वी खोकल्याचा आवाज येत असे आणि त्यामागोमाग हात धुण्याच्या, अंतर राखण्याच्या सूचना ऐकू येत. सार्वजनिक आरोग्याचा संदेश इतक्या अल्पावधीत इतक्या लोकांपर्यंत पोहोचविण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. मात्र देशातील कर्णबधिर नागरिकांपर्यंत तो पोहोचण्याची शक्यताच नव्हती. रेडिओवरील उद्घोषणा, गावोगाव फिरणाऱ्या वाहनांवरील ध्वनिक्षेपक, ग्रामपंचायतीची दवंडी आणि १०७५ या क्रमांकाची राष्ट्रीय मदतवाहिनी ही सर्व साधने कानावर अवलंबून होती. संकटाच्या पहिल्या आठवड्यांत माहिती हेच एकमेव औषध उपलब्ध होते आणि समाजाचा एक मोठा घटक त्या औषधापासून वंचित राहिला.

हा प्रश्न केवळ एका साथीपुरता मर्यादित नाही. महापूर, चक्रीवादळ, भूकंप, विषारी वायूची गळती आणि साथीचे रोग या प्रत्येक प्रसंगी प्रशासन नागरिकांशी बोलते आणि नागरिकांनी ते ऐकावे अशी अपेक्षा बाळगते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी कोणी, कोणत्या भाषेत आणि किती वेळात बोलावे, याचा विचार आपत्ती ओढवण्यापूर्वीच व्हावयास हवा.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी ५० लाख ७१ हजार व्यक्तींना श्रवणदोष, तर सुमारे २० लाख व्यक्तींना वाचादोष असल्याची नोंद झाली. श्रवणदोष असलेली प्रत्येक व्यक्ती सांकेतिक भाषा वापरते असे नाही. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्या व्यक्तीला मोठ्या अक्षरांतील मजकूर किंवा श्रवणयंत्र पुरेसे ठरते. परंतु जन्मतः किंवा भाषा आत्मसात होण्यापूर्वीच बधिरत्व आलेल्या व्यक्तींची स्थिती वेगळी असते. त्यांच्या दृष्टीने हातांनी, चेहऱ्याने आणि शरीराच्या हालचालींनी बोलली जाणारी भाषा हीच विचारांची आणि भावनांची पहिली भाषा असते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नसले तरी वाचता येते, तेव्हा पडद्यावर मजकूर दाखविला की काम भागले, असे अनेक अधिकाऱ्यांना प्रामाणिकपणे वाटते. मराठी किंवा हिंदी कधीही न ऐकलेल्या मुलाला ती भाषा केवळ डोळ्यांनी शिकावी लागते. ऐकणारी मुले शाळेत येण्यापूर्वीच हजारो शब्द आणि वाक्यरचना कानांनी आत्मसात करतात, तर कर्णबधिर मुलाला हे सर्व शाळेत शून्यापासून सुरू करावे लागते. शिवाय त्याच्या शाळेत बहुधा सांकेतिक भाषा हे शिक्षणाचे माध्यम नसते. परिणामी अनेक कर्णबधिर प्रौढांना वृत्तपत्रातील साधा परिच्छेदही परक्या भाषेतील मजकुरासारखा भासतो. ‘विलगीकरण’, ‘प्रतिबंधित क्षेत्र’, ‘संचारबंदी शिथिल’ असे शब्द असलेली शासकीय सूचना अशा व्यक्तीपर्यंत पोहोचली, असे केवळ कागदावरच म्हणता येते.

स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा

सांकेतिक भाषा म्हणजे मूकाभिनय नव्हे. ती बोलीभाषेचे हातांनी केलेले शब्दशः रूपांतरही नव्हे. १९७७ नंतर मदन वशिष्ठ, जेम्स वूडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता व बंगळूर येथील कर्णबधिरांच्या संकेतांचा अभ्यास केला. शहरागणिक काही शब्द भिन्न असले तरी ही सर्व रूपे परस्परांशी संबंधित असल्याचे त्या अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर उलरिके झेशान यांनी या भाषेच्या व्याकरणाचे सविस्तर वर्णन केले. या भाषेत प्रश्नवाचक संकेत सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो. ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया उंचावल्या जातात आणि मान किंचित पुढे येते. एकच हस्तसंकेत चेहऱ्यावरील भाव बदलताच विधानाऐवजी प्रश्न बनतो.

तरीही या भाषेला मान्यता मिळण्यास दीर्घ काळ लागला. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर शिक्षणविषयक परिषदेने संकेतांपेक्षा वाचिक पद्धती श्रेष्ठ असल्याचा ठराव केला आणि जगभरातील शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार होऊ लागली. भारतात मुंबईमध्ये त्याच दशकात कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. पुढे शतकभर येथेही वर्गात ओठांच्या हालचाली वाचण्यावर आणि बोलण्याच्या सरावावर भर राहिला. मुलांनी आपली भाषा टिकविली ती वसतिगृहात, मैदानावर आणि कर्णबधिरांच्या संघटनांत. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा पेशा आपल्या देशात उशिरा का उदयास आला, याचे कारण या इतिहासात सापडते. भाषेलाच मान्यता नसेल तर तिच्या दुभाष्याला मान्यता कोठून मिळणार?

कायद्याचे अधिष्ठान

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. या कराराचे अकरावे कलम आपत्कालीन परिस्थितीतील संरक्षणाशी, तर एकविसावे कलम माहिती मिळविण्याच्या हक्काशी संबंधित आहे. या कराराला अनुसरून संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या अधिनियमाचे आठवे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. धोक्याच्या प्रसंगी, मानवी संकटात आणि नैसर्गिक आपत्तीत दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळेल, असे ते सांगते. त्यापुढे जाऊन जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि संभाव्य धोक्याची माहिती त्यांना योग्य प्रकारे द्यावी, असे बंधनही घालते. पंचविसाव्या कलमात आरोग्यसेवेच्या अडथळाविरहित उपलब्धतेची, तर बेचाळिसाव्या कलमात दृक्श्राव्य माध्यमांतील सांकेतिक भाषेच्या अनुवादाची तरतूद आहे.

२०२० मधील देशव्यापी टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये लागू करण्यात आली होती. त्यामुळे दिव्यांग हक्क अधिनियमाचे आठवे कलम त्या काळात थेट लागू होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तर साथीच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, दिव्यांग-समावेशक आपत्ती जोखीम निवारणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. याच महिन्यात माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणी कार्यक्रम कर्णबधिरांना सुलभ करण्यासंबंधीची मानकेही जाहीर केली. कायद्याची चौकट सिद्ध होती. उणीव होती ती ती चौकट जिल्हा पातळीवर राबविणाऱ्या माणसांची आणि पूर्वतयारीची.

महामारीच्या काळातील अनुभव

टाळेबंदी लागू झाल्यानंतर लगेच, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने राज्यांना सर्वंकष मार्गदर्शक सूचना पाठविल्या. कोविडविषयक माहिती ब्रेल, ध्वनिफिती आणि सांकेतिक भाषेतील चित्रफिती यांतून उपलब्ध व्हावी, असे त्यांत नमूद होते. आरोग्य व आपत्कालीन सेवेत काम करणाऱ्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना इतर आरोग्य कर्मचाऱ्यांप्रमाणेच सुरक्षा साधने मिळावीत, ही त्यांतील तरतूद विशेष उल्लेखनीय होय. दुभाष्या हा आरोग्यसेवेच्या आघाडीवरील कर्मचारी आहे, ही भूमिका त्यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली गेली.

प्रत्यक्षात चित्र संमिश्र राहिले. तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेसारख्या संस्थांनी सांकेतिक भाषेत चित्रफिती तयार केल्या. कर्णबधिरांच्या संघटनांनी आणि तरुण दुभाष्यांनी स्वयंस्फूर्तीने बातम्यांचा अनुवाद करून समाजमाध्यमांवर पाठविला. दुसरीकडे अनेक ठिकाणच्या पत्रकार परिषदा दुभाष्याविना होत राहिल्या. जेथे अनुवाद उपलब्ध झाला तेथेही तो अनेकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचला. दुकाने किती वाजेपर्यंत उघडी राहतील, कोणता भाग प्रतिबंधित झाला, गावी जाण्यासाठी गाडी कोठून सुटेल या माहितीचे आयुष्य काही तासांचे असते. उशिरा आलेला अनुवाद कितीही शुद्ध असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. शिवाय या पोकळीत अफवांना वाव मिळतो. अधिकृत माहिती आपल्या भाषेत न मिळालेली व्यक्ती, जी माहिती आपल्या भाषेत मिळते तिच्यावर विश्वास ठेवते, मग ती खरी असो वा खोटी.

मुखपट्टीने आणखी एक अडचण निर्माण केली. सर्वांच्या संरक्षणासाठी ती अपरिहार्य होती. परंतु तिच्यामुळे ओठांच्या हालचाली दिसेनाशा झाल्या आणि सांकेतिक भाषेच्या व्याकरणाचा भाग असलेले चेहऱ्यावरील भाव निम्मे झाकले गेले. ज्यांना थोडेफार ऐकू येत होते त्यांनाही दबलेला आवाज समजेना. तोंडाच्या भागी पारदर्शक पट्टी असलेल्या मुखपट्ट्या काही गटांनी तयार केल्या, पण रुग्णालयांतून त्यांचा वापर अपवादात्मकच राहिला.

रुग्णालयाच्या दारापलीकडे

दूरचित्रवाणीवरील अनुवाद हा या विषयाचा दिसणारा भाग आहे. अधिक नाजूक भाग रुग्णालयाच्या दारापलीकडे सुरू होतो. एरवी कर्णबधिर रुग्णाबरोबर घरातील एखादी ऐकणारी व्यक्ती असते. डॉक्टर तिच्याशी बोलतात आणि ती रुग्णाला जमेल तसे समजावते. साथीच्या काळात विलगीकरण कक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. संरक्षक पोशाखातील, चेहरा पूर्ण झाकलेले कर्मचारी येत, काही तरी बोलत आणि निघून जात. आपल्याला कोणते औषध दिले जात आहे, प्राणवायूची नळी का लावली आहे, अतिदक्षता विभागात का हलविले जात आहे, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नव्हता. श्वास लागत आहे, छातीत दुखत आहे, पूर्वी अमुक औषधाची बाधा झाली होती, हे त्याला सांगण्याचाही मार्ग नव्हता.

वैद्यकीय उपचारांसाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती लागते. रुग्णाला समजलेच नाही अशा कागदावर त्याची स्वाक्षरी वा अंगठा घेतला, तर ती संमती नाममात्र ठरते. नातेवाइकांवर विसंबण्यालाही मर्यादा आहेत. नातेवाईक माहिती गाळतात, गंभीर निदान लपवितात किंवा रुग्णाऐवजी स्वतःच निर्णय घेतात. कर्णबधिर आईवडिलांची ऐकणारी मुले लहानपणापासून घराचे दुभाषे असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आपल्या आईला तिच्या आजाराचे गांभीर्य समजावून सांगावे, ही अपेक्षा त्या मुलावरही अन्याय करणारी आहे. म्हणूनच रुग्णालयात त्रयस्थ, प्रशिक्षित आणि गोपनीयतेने बांधलेल्या दुभाष्याची आवश्यकता असते.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण मोहीम सुरू झाली तेव्हा हेच प्रश्न वेगळ्या रूपात समोर आले. केंद्रावर नाव पुकारले जाई, ते ऐकू येत नसे. लस घेतल्यावर अर्धा तास थांबावयाचे, ताप आल्यास काय करावयाचे, दुसरी मात्रा केव्हा घ्यावयाची या सूचना तोंडी दिल्या जात. क्रमांक दाखविणारा फलक, चित्रमय तक्ता आणि सांकेतिक भाषेतील दोन मिनिटांची चित्रफीत एवढ्या साधनांनीही यातील बरीच अडचण दूर होऊ शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, पूर्वविचार लागतो.

दुभाष्याचे काम कसे चालते

सांकेतिक भाषेचा दुभाष्या शब्दांचे नव्हे, आशयाचे भाषांतर करतो. ‘अहवाल पॉझिटिव्ह आला’ या वाक्याचे उदाहरण घेता येईल. व्यवहारात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले, अनुकूल असा अर्थ रूढ आहे. तो शब्द अक्षरशः संकेतांत मांडला तर रुग्ण निर्धास्त होऊन घरी जाईल. दुभाष्याला ‘तपासणी झाली, विषाणू शरीरात आहे, आजार आहे’ असे स्पष्ट करावे लागते. लागण झालेल्याला वेगळे ठेवणे आणि लागणीचा संशय असलेल्याला काही दिवस वेगळे ठेवणे, या दोन्ही गोष्टींना बोलण्यात एकच शब्द सर्रास वापरला जातो. सांकेतिक भाषेत मात्र त्या दोन वेगळ्या रीतीने दाखवाव्या लागतात. नवा रोग येतो तेव्हा त्याच्यासाठी संकेतही नवा असतो. तो कर्णबधिर समाजातूनच रूढ व्हावा लागतो आणि दुभाष्यांनी तो एकसारखा वापरावा लागतो.

हे काम बौद्धिकदृष्ट्या थकविणारे आहे. ऐकणे, समजणे, दुसऱ्या भाषेत रचणे आणि त्याच वेळी पुढचे वाक्य ऐकणे या क्रिया एकाच क्षणी चालतात. साधारण वीस मिनिटांनंतर अचूकता घसरू लागते. म्हणून दीर्घ कार्यक्रमात दोन दुभाषे आळीपाळीने काम करतात. अनेक देशांत कर्णबधिर दुभाषेही नेमले जातात. ऐकणारा दुभाष्या समोर बसून संकेतांत आशय पुरवितो आणि ज्याची ती मातृभाषा आहे असा कर्णबधिर दुभाष्या कॅमेऱ्यासमोर तो सहज, ओघवत्या रूपात मांडतो. अल्पशिक्षित किंवा केवळ घरगुती खुणा जाणणाऱ्या व्यक्तींशी बोलताना तर कर्णबधिर दुभाष्याला पर्याय नसतो.

प्रक्षेपणाच्या तांत्रिक बाजूकडेही लक्ष द्यावयास हवे. पडद्याच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत दाखविलेला दुभाष्या दिसतो, पण त्याचे संकेत वाचता येत नाहीत. चौकट पुरेशी मोठी असावी, पार्श्वभूमी साधी असावी, पोशाख हातांच्या वर्णाशी विरोधी रंगाचा असावा आणि धावत्या बातम्यांच्या पट्ट्या त्याच्या हातांवर येऊ नयेत. दुभाष्या वक्त्याच्या शेजारी उभा असेल तर कोणत्याही वाहिनीने ते चित्र दाखविले तरी अनुवाद आपोआप सर्वत्र पोहोचतो.

अन्य देशांकडून घ्यावयाचे धडे

न्यूझीलंडने २००६ मध्येच आपल्या सांकेतिक भाषेला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. २०२० मध्ये तेथील शासनाच्या कोविडविषयक पत्रकार परिषदांत वक्त्याशेजारी दुभाष्या उभा असे. अमेरिकेत मात्र त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या याचिकेवर संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये आदेश दिला आणि व्हाइट हाउसच्या कोविडविषयक वार्ता परिषदांच्या प्रक्षेपणात सांकेतिक भाषेचा अनुवाद बंधनकारक झाला. लिखित मथळे ही त्याला पुरेशी पर्यायी सोय नाही, हे या प्रकरणात मान्य झाले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर व ऑक्टोबर २०२० मधील दोन वार्ता परिषदांत अनुवाद उपलब्ध न करणे समानता कायद्याचा भंग करणारे होते, असा निर्णय उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला.

अपात्र दुभाष्यापासून संभवणारा धोकाही जगाने पाहिला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ‘इर्मा’ चक्रीवादळ येऊन ठेपले असताना मॅनाटी काउंटीच्या प्रशासनाने पत्रकार परिषदेत दुभाष्या म्हणून सांकेतिक भाषेची जुजबी ओळख असलेल्या एका कर्मचाऱ्याला उभे केले. स्थलांतराची सूचना पाहणाऱ्या कर्णबधिरांना ‘पिझ्झा’, ‘अस्वल’, ‘राक्षस’ असे असंबद्ध संकेत दिसले. दुभाष्या उभा आहे एवढ्याने कर्तव्य पूर्ण होत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले. ऐकणाऱ्या प्रेक्षकाला चुकीचा अनुवाद ओळखता येत नाही. म्हणून पात्रतेची खातरजमा आधीच करावी लागते आणि त्या कामी कर्णबधिरांच्या संघटनांचे मत निर्णायक मानावे लागते.

मनुष्यबळाची उभारणी

आपल्या देशात या दिशेने पावले पडली आहेत. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने या शतकाच्या आरंभी सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षणाचा पाया घातला. सप्टेंबर २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. या केंद्राने मार्च २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या १०,००० झाली असून त्यात वैद्यकीय संज्ञांचाही समावेश आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दुभाष्यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालू आहे आणि कर्णबधिर व्यक्तींना सांकेतिक भाषेचे शिक्षक बनविणारा अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचा संकल्प केला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पीएम ई-विद्या’ योजनेखाली सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू झाली.

असे असले तरी गरज आणि उपलब्धता यांतील दरी मोठी आहे. देशात साडेसातशेहून अधिक जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात आळीपाळीने काम करणारे केवळ दोन दुभाषे ठेवावयाचे म्हटले, तरी पंधराशेहून अधिक पात्र व्यक्ती लागतील. रुग्णालये, न्यायालये, पोलिस ठाणी आणि महाविद्यालये यांची गरज त्याहून वेगळी आहे. उपलब्ध दुभाषे मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना नियमित वेतनाची पदे नाहीत आणि मानधनाचे दर निश्चित नाहीत. स्थैर्य नसलेल्या पेशाकडे तरुण वळत नाहीत आणि वळलेले टिकत नाहीत.

पुढील दिशा

या पार्श्वभूमीवर काही उपाय तातडीने हाती घेण्यासारखे आहेत.

१. प्रत्येक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची अद्ययावत यादी असावी आणि त्यांच्याशी आगाऊ करार झालेला असावा. आपत्ती आल्यावर शोध सुरू करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

२. राज्य व जिल्हा पातळीवरील आपत्कालीन वार्ता परिषदांत दुभाष्या वक्त्याशेजारी उभा असावा. वक्त्याच्या भाषणाचा मसुदा आणि आकडेवारी त्याला काही मिनिटे आधी मिळावी.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दृक्श्राव्य संपर्काद्वारे दुभाष्याशी जोडणारी सोय असावी. २०२३ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने व्हिडिओ कॉलद्वारे सुरू केलेल्या सेवेचा विस्तार रुग्णालयांपर्यंत करता येईल. शुद्ध हरपत असलेल्या किंवा हातांना सलाइन लावलेल्या रुग्णाच्या बाबतीत पडद्यावरील दुभाष्या अपुरा पडतो, हे लक्षात घेऊन प्रत्यक्ष दुभाष्याचीही तरतूद हवी.

४. मदतवाहिन्यांना आवाजाबरोबरच लघुसंदेश आणि दृक्श्राव्य संपर्काचा पर्याय असावा.

५. आशा कार्यकर्त्या, परिचारिका, रुग्णवाहिकेचे कर्मचारी आणि पोलिस यांना किमान पन्नास-साठ आपत्कालीन संकेतांचे प्रशिक्षण द्यावे. त्यांनी दुभाष्याची जागा घ्यावी हा त्यामागील हेतू नाही. दुभाष्या येईपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांत रुग्णाला धीर देता यावा, एवढाच तो आहे.

६. आपत्तीच्या रंगीत तालमींत कर्णबधिर नागरिकांना सहभागी करून घ्यावे आणि त्यांच्या संघटनांना नियोजन समित्यांवर प्रतिनिधित्व द्यावे. कोणता अनुवाद समजला आणि कोणता समजला नाही, हे त्यांच्यावाचून कोणीही सांगू शकत नाही.

७. दुभाष्यांची नियमित पदे निर्माण करावीत, मानधनाचे दर ठरवावेत आणि साथीच्या काळात त्यांना विमा, लस व सुरक्षा साधने यांचे संरक्षण द्यावे.

समारोप

या उपायांवर होणारा खर्च आरोग्य व आपत्ती व्यवस्थापनाच्या एकूण तरतुदींच्या मानाने अल्प आहे. त्यापासून होणारा लाभ मात्र केवळ कर्णबधिरांपुरता नाही. साथीच्या रोगात एका घरापर्यंत माहिती पोहोचली नाही तर धोका संपूर्ण वस्तीला असतो. ज्याला सूचना समजली नाही त्याने ती पाळली नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही, मग तो संचारबंदीत रस्त्यावर आढळलेला कर्णबधिर तरुण असो वा तपासणीला न आलेली वृद्धा.

पुढील साथ केव्हा आणि कोणत्या रोगाची येईल हे सांगता येत नाही. त्या वेळी जिल्हाधिकारी जेव्हा पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे राहतील, तेव्हा त्यांच्या शेजारी पात्र दुभाष्या असावा आणि पहिला कर्णबधिर रुग्ण दाखल होईल तेव्हा त्याला स्वतःच्या आजाराची माहिती स्वतःच्या भाषेत मिळावी. त्यासाठी लागणारी यादी, करार, प्रशिक्षण आणि तरतूद ही कामे शांततेच्या काळातील आहेत. कायद्याने दिलेला हक्क संकटाच्या घटकेस प्रत्यक्षात उतरावयाचा असेल, तर या कामांना प्रत्येक जिल्ह्याने आजच प्रारंभ केला पाहिजे.